गवतातला कोळी

उसाला लाली चढली ती आधी बांधाकडच्या ओळींना. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कलत्या उन्हाची तिरीप पडली आहे. पण भर दुपारीही ती लाली तशीच. वारा कोरडा, तापलेला, आणि उसात शिरला की आतून कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. थोरल्यांनी एक पान ओढून तोडलं, उलटं केलं, खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तो तांबडा झालेला अंगठा धाकट्या भावजयीच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?"

कडेवर तिची पोरगी चिमी होती, म्हणून धाकटी नकळत एक पाऊल मागे सरली. "कोळी आहे, दादा. लाल कोळी. पानाच्या पाठीला जाळं करतो आणि रस पितो."

"कोळी आहे ते मलाही दिसतंय. कुठून आला ते विचारतोय."

विचारलं धाकटीला, पण बघत होते बांधाकडे. बांध चांगला रुंद होता, बैलगाडी जाईल एवढा, आणि त्याच्यावर छातीइतकं गवत उभं होतं. ते गवत ताईचं. ताई म्हणजे थोरल्यांच्या पाठची बहीण, धाकटीची नणंद. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली तेव्हा धाकटीचे सासरे हयात होते. त्यांनी जमीन दोन मुलांच्या हातात ठेवली आणि मुलीला तोंडी सांगितलं, "बांध तुझा." बांधावर ताईने गवत लावलं, गवतावर एक गाय पाळली, आणि गायीच्या दुधावर ती घरात कुणाच्या हाताकडे न बघता राहत होती.

"गवताच्या पानावरपण असलंच जाळं आहे," थोरले म्हणाले. "मी बघितलंय. तिथं पोसायचे आणि इथं जेवायला यायचे."

धाकटीला न तपासता हो किंवा नाही म्हणता येईना. तिचं कामच ते होतं. लग्नाआधी ती कॉलेजात जीवशास्त्र शिकली होती, आणि चिमी रांगायला लागल्यापासून जवळच्या ऊस संशोधन केंद्रात कंत्राटावर जात होती. गावोगावची रोगट पानं तिथं पिशव्यांतून यायची. पानावरचे कोळी बारीक कुंचल्याने उचलायचे, काचेच्या पट्टीवर द्रावणाच्या थेंबात ठेवायचे, वरून पातळ काच झाकायची, चिठ्ठी लावायची आणि मॅडमच्या टेबलावर द्यायचं. कोळ्याची जात सांगायची ती मॅडमनी. धाकटीने फक्त त्याला नीट झोपवायचं.

*

जेवताना विषय निघालाच.

"यंत्र शेजारच्या रानात आलंय," थोरले म्हणाले. "तळं खोदतंय. त्याचं काम संपलं की एका फेऱ्यात आपला बांध साफ होईल. मुळासकट."

ताईने वाढता वाढता हात थांबवला. "आणि गाय काय खाईल? तुझी मिशी?"

धाकटीच्या नवऱ्याला हसू आलं, ते त्याने पाण्याच्या घोटात बुडवलं.

"बये, थट्टा नको. ऊस वाळतोय."

"वाळतोय तो वाऱ्याने. गवत काय आज लावलंय? बाबा होते तेव्हापासून आहे. तेव्हा कुठे गेले होते तुझे कोळी?"

"तू म्हणशील तसं का? आता घरात शिकलेलं माणूस आहे." थोरल्यांनी धाकटीकडे मान वळवली. "तूच सांग. तुझ्या त्या दुर्बिणीत बघ. गवतातला कोळी आणि उसातला कोळी एकच निघाला तर बांध काढायचा. वेगळा निघाला तर मी पुन्हा बांधाचं नाव काढणार नाही. सगळ्यांच्या समोर बोलतोय."

"बघ हो बघ," ताई लगेच म्हणाली. तिच्या आवाजात एवढा विश्वास होता की धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. "ती सांगेल ते मला कबूल."

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. तो ताटातलं मीठ बोटाने एका बाजूला सारत होता. खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "मला कशाला मध्ये घातलं? मी काही मॅडम नाही. मॅडम बाहेरगावी गेल्यात, आठवडाभर येणार नाहीत."

"अगं, बघून सांगायचंय एवढंच."

"एवढंच?"

"दादा म्हणतोय तर..." त्याचं वाक्य नेहमी इथंच संपायचं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पिशव्या घेऊन बांधावर गेली. ताई आधीच तिथं होती. चिमीला तिने पाठीला फडक्यात बांधलं होतं आणि विळ्याने गवताचे बुंधे सपासप कापत होती. चिमी तिच्या खांद्यावर लाळ गाळत मजेत होती. धाकटी कामाला गेली की ती दिवसभर ताईकडेच असायची. भूक लागली, झोप आली, कान दुखला, हे ताईला रडण्यावरून कळायचं. धाकटीला कळायचं नाही. तिला नुसती धडकी भरायची.

"तिला पानापासून लांब ठेवा, ताई."

"का? तुझी जनावरं पोरीला खातात का?"

"खात नाहीत. तरी पण."

"तरी पण," ताईने तिच्या सुरात म्हटलं. "तू कामावरून आलीस की अंघोळ केल्याशिवाय पोरीला घेत नाहीस, ते तरी पणच ना? अगं, मातीत लोळून आम्ही एवढे झालो."

धाकटीने गवताचं एक पान उलटं करून भिंग लावलं. जाळ्याच्या आत गोलसर लाल माद्या, त्यांच्या मधे मोहरीहून कितीतरी बारीक अंडी.

"बघू," ताईने डोकं मधे घातलं. चिमीचंही डोकं आलं. "बाप रे. केवढा संसार. आता ओळखायचं कसं, गवतातला कोणता न् उसातला कोणता?"

"मादीवरून ओळखता येत नाही. गवतातली असो, उसातली असो, माद्या सारख्याच दिसतात. नर शोधायचा. तो बारका असतो, मागे निमुळता. त्याच्या शेपटीकडे एक आकडा असतो, केसाच्या टोकाएवढा. तो आकडा कसा वळलाय त्यावरून जात ठरते."

ताई खळखळून हसली. "म्हणजे तिथंही नवऱ्याच्याच नावावर. आमच्यासारखंच झालं. अमक्याची बायको, तमक्याची सून."

धाकटीलाही हसू आलं. "नर फार थोडे असतात. शोधायची एक खूण आहे. मादी मोठी होताना कात टाकते. त्याआधी ती पानावर निपचित पडते, मेल्यासारखी. नर तिच्याजवळ येऊन बसतो. तिची कात निघेपर्यंत हलत नाही. म्हणून निपचित मादी शोधायची आणि तिच्या शेजारी बघायचं."

ताईने भिंग हातात घेतलं. बराच वेळ ती एक डोळा मिटून बघत राहिली. चिमीने तिचे केस ओढले तरी हलली नाही.

"आहे गं," ती हळूच म्हणाली. "बसलाय खरा. तिला न खेटता." मग भिंग परत दिलं. "बरं आहे. कुणीतरी थांबतं."

मग दोघींनी मिळून पानं कापली. ताईने गवतातली निवडून काढली, चांगली दाट जाळ्याची, जणू स्वतःच्या बाजूचा पुरावा कुठे कमी पडायला नको. धाकटीने उसातली घेतली. पिशव्यांची तोंडं बांधताना ताईने विचारलं, "किती दिवस लागतील?"

"यंत्र किती दिवस आहे, त्यावर आहे."

"ते नको बघू. तू तुझं नीट बघ."

*

उसातले नर मिळाले. गवतातले मिळायला वेळ लागला. धाकटी इतर नमुने बाजूला सारून पान पान पालथं घालत होती. खोली लांबट होती, एका बाजूला खिडक्या, दुसरीकडे कपाटं, आणि कपाटांत काचेच्या पट्ट्यांचे लाकडी खण. पंखा लावायची सोय नव्हती. वाऱ्याने कोळी उडून जायचे. कपाळावरचा घाम मनगटाने पुसत ती भिंगात डोळा घालून बसायची आणि मधेच दचकून फोनकडे बघायची.

त्या सकाळी चिमीचं अंग कोमट होतं. ताई म्हणाली होती, "दात येतायत. जा तू." धाकटी गेली, पण जीव घरात ठेवून गेली.

दुपारी तिला गवतातला पहिला नर सापडला. मग अजून एक. कुंचल्याच्या टोकावर तो नुसता ओलसर कण होता. थेंबात सोडला, भिंगाखाली सुईने हलकेच वळवायला घेतला. नराला कुशीवर झोपवावं लागतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: मादी पालथी असली तरी चालते, नर मात्र कुशीवरच हवा, तरच आकड्याचं वळण बाजूने दिसतं. धाकटीने त्याला कुशीवर वळवलं. पातळ काच वरून टेकवायला घेतली आणि फोन वाजला.

ताई होती. "घाबरू नकोस. ताप चढलाय जरासा. ओल्या फडक्याने पुसतेय."

"जरासा म्हणजे किती? खाल्लं का काही? श्वास कसा घेतेय?"

"अगं, श्वास नाकाने घेतेय. तू काम आटप."

धाकटीने फोन ठेवला आणि काच पुन्हा उचलली. काच टेकली ती जरा जोरात. दुसरी पट्टी केली तीही तशाच घाईने. द्रावण लवकर मुरावं म्हणून तिने दोन्ही पट्ट्या विजेच्या तव्यावर आच वाढवून ठेवल्या; एरवी तिथं मंद आचेवर दोन-तीन दिवस सावकाश ठेवायच्या असतात. सकाळी तशाच घाईने केलेल्या उसाच्या पट्ट्याही तिथंच होत्या. तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी नवरा.

"दादा विचारतोय. यंत्रवाल्याचं काम झालंय. तो दुसऱ्या गावाला निघालाय. आपलं करायचं असेल तर आत्ता, नाहीतर मग नाही."

"मग नाही म्हणा."

"असं कसं म्हणू? दादा इथंच उभा आहे." मागून थोरल्यांचा आवाज, यंत्राचा घरघराट, आणि त्या सगळ्यांच्या मागे, तिला वाटलं, चिमीचं रडणं. "सांग ना पटकन. आणि ये. पोरगी तुला शोधतेय."

तिने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. उसातला नर: शेपटीकडे एक सरळ, बारीक काडी. पट्टी बदलली. गवतातला नर: सरळ, बारीक काडी. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. मनात एक शंका टोचून गेली, की एवढी सरळ कशी? आकडा म्हणतात तर आकडा कुठे आहे? पण दोन्हीकडे तसंच होतं, आणि फोनमधून रडणं येत होतं.

"एकच दिसतायत," ती म्हणाली.

"एकच आहेत म्हणतेय," नवऱ्याने पलीकडे सांगितलेलं तिला ऐकू आलं. घरघराट वाढला. फोन बंद झाला.

*

ती घरी पोचली तेव्हा चिमीचा ताप उतरला होता आणि बांध निम्मा गेला होता.

यंत्राचा लोखंडी पंजा जमिनीत घुसायचा, गवताचा झुबका मातीच्या ढेकळासकट उचलायचा आणि बाजूला आपटायचा. मुळं पांढरी, लांबच लांब, हवेत लोंबकळायची. ताई चिमीला खांद्यावर घेऊन उभी होती, पाठीवर थोपटत. धाकटीला बघून तिने पोरगी तिच्या हातात दिली.

"दोन दात आलेत. वरचे."

"ताई..."

"तू बघितलंस ना नीट?"

धाकटीने होकाराची मान हलवली.

"मग झालं." ताईने विळा उचलला आणि पडलेल्या ढिगातून हिरवं हिरवं कापून गायीसाठी भारा बांधायला लागली. यंत्र चालवणारा वरून ओरडला, "ओ मावशी, लांब व्हा, पंजा लागेल!" ती बाजूला झाली. यंत्र पुढे गेलं की पुन्हा मागून वाकून कापायची. असे कितीतरी भारे तिने अंधार पडेपर्यंत बांधले. ते गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवले. चार दिवस गाय हिरवं खात होती, मग पिवळं, मग बारीकसारीक जे मिळेल ते. दूध आटलं. थोरले एक दिवस टेम्पोवाल्याला घेऊन आले.

गाय टेम्पोत चढेना. फळी लावली, ढकलली, शेपूट पिरगाळली. शेवटी ताईच टेम्पोत चढली आणि वरून नुसतं "ये" म्हणाली. गाय चढली. मग ताईला खाली उतरायला जागा राहिली नाही. गायीच्या पोटाखालून वाकून, कपड्याला शेण लावून घेत, ती बाहेर आली. टेम्पोवाला हसला. थोरलेही हसले. ताईने कपडे झटकले आणि म्हणाली, "हिला उजव्या बाजूने धार काढायची सवय आहे. सांगा तिकडे."

त्यानंतर ताई घरातच असायची. घरातलं काम सगळं तिच्या अंगावर आलं, आणि कुणी आणलं असंही म्हणता येईना; ते आपलं आलं. थोरली जाऊ कुणीतरी आल्यावर म्हणाली, "असतात बिचाऱ्या आमच्याकडेच. कुठे जाणार?" ताई तेव्हा आत भांडी लावत होती. दुसऱ्या आठवड्यात तिने ओळखीतून शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळवलं. एक पत्र्याची पेटी आणि एक गाठोडं. निघताना चिमीला तिने घेतलं नाही, लांबूनच हात हलवला. चिमीने दोन्ही हात पसरले आणि कुणी घेत नाही म्हटल्यावर आधी आश्चर्याने बघत राहिली. मग रडली.

ऊस मात्र आणखी लाल झाला. ओळीमागून ओळ. थोरले रोज बांधाच्या जागी उभे राहायचे. तिथं आता नांगरट करून उसाच्या नव्या ओळी लावल्या होत्या. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दोन दिवस धो धो पाऊस झाला. पानांच्या पाठीवरची जाळी धुऊन गेली. शेंड्याकडून हिरवं फुटायला लागलं.

"बघितलंस?" थोरले येईल-जाईल त्याला सांगायचे. "बांध काढला म्हणून रान वाचलं. आमच्या घरात शास्त्र आहे."

*

मॅडम परत आल्या त्या लांबलेल्या दौऱ्यावरून. खण उघडून पट्ट्या लावताना त्यांनी एक पट्टी खिडकीकडे धरली.

"ही कुणाची?"

"आमच्या... आमच्याच रानातली. ही उसातल्याची, शेजारची बांधावरच्या गवतातल्याची."

मॅडमनी दोन्ही एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. एक डोळा लावला. बराच वेळ चाक फिरवत राहिल्या. "अगं, हा पाठीवर पडलाय की. दुसरापण. काच दाबलीस वाटतं."

धाकटी हातातलं पान ठेवून टेबलाजवळ आली.

"वरून बघितलं की सगळ्यांचा आकडा सरळच दिसणार," मॅडम म्हणाल्या, रागाने नाही, शिकवताना बोलतात तशा. "काही आहे का शिल्लक?"

होतं. मद्यार्काच्या बाटलीत उरलेले नर होते. धाकटीने नवीन पट्ट्या केल्या. या वेळी कुणाचा फोन आला नाही. ती एकेका नराला सुईने वळवत राहिली, काच अलगद टेकवली, तव्यावर नीट मुरू दिल्या. मग बघितलं.

उसातल्याचा आकडा आखूड होता, झटकन खाली वळलेला, टोक अणकुचीदार. गवतातल्याचा लांब, आळसावल्यासारखा वाकलेला, टोकाला बोथट गाठ. एकमेकांच्या जवळ ठेवले तर लहान मूलसुद्धा म्हणालं असतं, वेगळे आहेत.

"हा गवतावरचा उसाला तोंड लावत नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट बरं असतं असलं गवत जवळ. याच्यावर ते काळे बारके भुंगेरे पोसतात, कोळी खाणारे. ते मग उसातही उतरतात. नवीन माणसाचं असं होतं. पुढच्या वेळी मी नसले तर थांबायचं. का गं? काय झालं?"

"काही नाही. डोळे दुखतायत."

*

घरी सांगायचं तिने ठरवलं आणि सांगितलं. सगळे ओट्यावर होते. थोरले पंपाची नळी जोडत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, माझी चूक झाली. ते दोन कोळी एक नव्हते. गवतातला वेगळा होता. गवताने काही केलं नव्हतं."

थोरल्यांनी नळीचं तोंड फुंकून बघितलं. "मग ऊस हिरवा कसा झाला?"

"पावसाने."

"पाऊस सगळ्यांच्या रानात पडला."

"सगळ्यांचाच हिरवा झालाय, दादा."

थोरल्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं. पण ते समजूतदारपणे हसले. "हे बघ, झालं ते झालं. रान सरळ झालं, चार ओळी वाढल्या. तू मनाला लावून घेऊ नकोस. पोरगी लहान आहे, दगदग होते, माणसाकडून चुकतं." आणि नळीला पेच देत पुढे म्हणाले, "बाहेर बोलू नकोस मात्र. तुझ्याच नोकरीचं वाईट व्हायचं."

नवरा खोलीत आल्यावर म्हणाला, "दादा बघ, काही बोलला नाही तुला."

ताईच्या खोलीत आता खताची पोती होती. दार उघडलं की नाकात झोंबायचं.

*

वसतिगृह लांबलचक होतं, मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि त्याच्या पायऱ्या. ताई पायरीवर बसून भोपळ्याच्या साली काढत होती. केस जाळीत बांधलेले, अंगात वसतिगृहाचा निळा झगा. धाकटीला क्षणभर ओळखच पटली नाही.

"अगं बाई! आणि कोण आलंय हे?" ताईने ओले हात झग्याला पुसले आणि पुढे केले.

चिमी आईच्या गळ्याला बिलगली. तोंड लपवलं.

"विसरली," ताई म्हणाली. "विसरणारच. बस. इथं सावली आहे. चहा आणू?"

"नको. ताई, मला तुम्हाला सांगायचंय." धाकटीने वाटेत शब्द जुळवले होते, ते सगळे सांडले. "ते कोळी वेगळे होते. मी नर पाठीवर झोपवला. कुशीवर हवा होता. फोन वाजत होता, चिमी रडत होती, मी घाई केली. तुमचं गवत उसाला काही करत नव्हतं."

ताईने भोपळा हातात घेतला, पण सुरी चालवली नाही.

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही."

"ऊस माझ्यामुळे नाही वाळला."

"नाही, ताई."

ताईने मान वर केली. समोर भिंत होती, भिंतीवर मुलींचे वाळत घातलेले कपडे. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटत होतं गं," ती म्हणाली. "खरंच वाटायला लागलं होतं. मी जिथं जाते तिथं काहीतरी वाळतं. तिकडे माणूस गेला. इकडे रान." ती थोडं हसली. "बरं झालं सांगितलंस. दादाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, रान सरळ झालं."

"म्हणणारच. लहानपणापासून सरळ रेघेचं वेड त्याला." सुरी पुन्हा चालायला लागली. साल लांब निघत होती, न तुटता. चिमी मान वळवून त्या सालीकडे बघत होती. ताईने तिच्याकडे न बघता विचारलं, अगदी सहज, भोपळ्याला विचारावं तसं:

"मग येऊ का मी परत?"

धाकटीच्या डोळ्यांसमोर खताची पोती आली, एकावर एक, छतापर्यंत. गोठ्यात ठेवलेला पंप आला. बांधाच्या जागी उभा असलेला गुडघाभर ऊस आला. ओट्यावर नळीत फुंकणारे थोरले आले, आणि खोलीत बाजेच्या कडेला बसलेला नवरा, ज्याला आधी विचारावं लागणार होतं. त्या सगळ्यांना एकेक करून बाजूला सारून तिला 'हो' म्हणायचं होतं, आणि तिला माहीत होतं की उशीर झाला तर तोच उशीर उत्तर होईल. तरी उशीर होत होता.

"अगं, थट्टा केली," ताई म्हणाली. "इथं पंखा आहे. मुली मावशी मावशी करतात. आणि कुणाचं काही वाळलं नाही अजून."

आतून कुणीतरी हाक मारली, पाणी उकळलं म्हणून. ताईने भोपळ्याचे तुकडे पातेल्यात लोटले आणि गुडघ्यावर हात रोवून उठली. दारापाशी जाऊन परत वळली, सालीतलं एक लांब वेटोळं उचललं आणि चिमीच्या मुठीत दिलं. चिमीने ते घेतलं. घेतल्यावर तिने हाताच्या मालकिणीकडे बघितलं, नीट, कपाळाला आठी घालून, कुणाला तरी आठवत असल्यासारखं.

"तोंडात घालू देऊ नकोस हं," ताई म्हणाली. "धुतलेली नाही."

जाळीचं दार तिच्यामागे आपोआप लागलं. धाकटी पायरीवर उभी राहिली. आत पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला, मग झाऱ्याचा. "ताई, या," ती म्हणाली, पण तोपर्यंत आत नळ सोडला होता, आणि पाणी जोरात वाहत होतं.